सीईटीच्या गणिताच्या पेपरनंतर उत्तरं कशी जुळवायची: पहिल्यांदा परीक्षा देणाऱ्यांसाठी

एप्रिल लागला की मला फोन यायला सुरू होतात. गावाकडची लेकरं, मावशीची पोरगी, तिच्या होस्टेलवरच्या मैत्रिणी, अन् सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, "दादा, मॅथ्समधे माझे ३४ बरोबर यायलेत पण रूममेटनं बघितलं तर २९ च निघायलेत, आता कोणाचं खरं धरू?" मी जिंतूर तालुक्यातला, अकरावी-बारावी लातूरला होस्टेलवर राहून केली, इंजिनिअरिंग नांदेडला. उत्तरं जुळवताना काय काय होतं ते मी स्वतः भोगलंय आणि नंतर कितीतरी लेकरांचं जवळून बघितलंय. काही जण पेपर चांगला जाऊनही दोन दिवस जेवत नाहीत, काही जण उगाच ९५ पर्सेंटाइल धरून बसतात, अन् दोन्हीचं कारण बहुतेक वेळा पेपर नसतोच, उत्तरं जुळवायची पद्धत चुकलेली असते. म्हणून एकदा नीट बसून लिहितो.

आधी पेपर कसा असतो ते डोक्यात पक्कं पाहिजे, कारण त्याच्यावरच पुढचं सगळं आहे. एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे बारावीनंतरच्या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपला पहिले ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्री, मग ९० मिनिटं गणित. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकाला २ मार्क, म्हणजे २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. साधारण ८० टक्के बारावीचं आणि २० टक्के अकरावीचं, म्हणजे ४० आणि १० प्रश्न. पेपर कॉम्प्युटरवर असतो, प्रश्नपत्रिका हातात मिळत नाही, रफ कामाचे कागदही परत घेतात. म्हणजे बाहेर येताना तुमच्याकडं फक्त आठवण असते. आणि परीक्षा अनेक दिवस, अनेक शिफ्टमधे चालते, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा.

गेटच्या बाहेर पहिला अर्धा तास

बाहेर आलं की समोर दिसतं ते असं: ऊन चाळीसच्या वर, लिंबाच्या सावलीत आई-बाप बसलेले, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, आणि गेटला लागूनच दहा-पंधरा पोरांचं टोळकं, "त्या इंटिग्रेशनचं काय आलं रे", "अरे बी होतं", "नाही लेका, डी होतं". त्या टोळक्यात थांबू नका. थांबू नका म्हणतो त्याचं कारण भीती नाही, कारण असं की त्या पंधरा मिनिटांत तुमची स्वतःची आठवण खराब होते. तुम्ही काय टिक केलं होतं ते अजून डोक्यात ताजं असतं, पण चार जणांनी जोरात "मायनस वन होतं" म्हटलं की तुम्हालाही वाटायला लागतं आपणही मायनस वनच केलं होतं. हे खोटं बोलणं नाही, आठवण खरंच बदलते. अन् मग काही दिवसांनी खरी रिस्पॉन्स शीट, म्हणजे तुम्ही दिलेल्या उत्तरांची नोंद, उघडली की लेकरू म्हणतं "दादा, मी हे टिक केलंच नव्हतं, सिस्टीमनं बदललंय". सिस्टीमनं बहुतेक वेळा काही बदललेलं नसतं.

आणखी एक. बी होतं की डी होतं ही चर्चाच फुकट आहे, कारण प्रश्नांचा क्रम प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळा येतो आणि पर्यायांचाही बदलू शकतो. पर्यायाचं अक्षर जुळवायचंच नाही, उत्तराची किंमत जुळवायची, म्हणजे "रूट ३ बाय २" किंवा "पाय बाय ४" असं.

तर पाणी प्या, दोन घास खा, अप्पांना सांगा "बरा गेला, घरी जाऊन सांगतो" आणि गाडीवर बसा. सेंटर लांब असेल, म्हणजे तुम्ही हिंगोलीचे आणि सेंटर नांदेडला आलंय असं काही, तर एसटीत खिडकीशी जागा मिळाली की तिथंच पुढचं काम सुरू करता येतं.

ज्यांची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, राहिलीय त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते, आणि आपल्याकडं लातूर-नांदेडला दोन्ही ग्रुप धरून सीईटी आणि नीट अशी सगळीच परीक्षा देणारी लेकरं खूप आहेत. तुम्ही त्यातले असाल तर आत्ता फक्त पुढची पायरी करा, आठवणीचा कागद लिहा, आणि तो पाकिटात घालून आईकडं द्या. जुळवाजुळव नीटची परीक्षा झाल्यावर. कागदाचं काही बिघडत नाही, तुमच्या डोक्याचं बिघडतं.

आठवणीचा कागद

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि हे एकट्यानं करायचं, कोणाशीही बोलायच्या आधी, त्याच दिवशी. पेननं लिहायचं, पेन्सिलनं नाही, म्हणजे नंतर खोडता येणार नाही.

प्रश्न क्रमांकानं आठवायला जाल तर पाच-सहाच्या पुढं जाणार नाही. धड्यानं आठवा. बारावीच्या बोर्डाच्या पुस्तकाचे दोन भाग, पहिल्यात ७ धडे आणि दुसऱ्यात ८. कागदावर पंधरा धड्यांची नावं खाली खाली लिहून काढा, लॉजिक, मॅट्रायसेस, ट्रिग्नोमेट्रिक फंक्शन्स, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, व्हेक्टर्स, लाइन अँड प्लेन, एलपीपी, मग डेरिव्हेटिव्ह, त्याचे ॲप्लिकेशन्स, इनडेफिनिट, डेफिनिट, एरिया, डिफरन्शियल इक्वेशन, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन, बायनॉमियल. खाली अकरावीसाठी एक रकाना. आता एकेका धड्यावर बोट ठेवून विचारा, यावर काय आलं होतं? बायनॉमियलवर बोट ठेवलं की आपोआप आठवतं, हां, तो नाण्याचा होता, ॲट लीस्ट वनचा. असं केलं की पस्तीस-चाळीस प्रश्न सहज निघतात. उरलेले रात्री झोपताना नाहीतर आंघोळ करताना आठवतात, ते सकाळी लिहा.

प्रत्येक प्रश्नापुढं तीन गोष्टी: प्रश्नात काय दिलं होतं, तुम्ही कोणतं उत्तर टिक केलं, आणि एक खूण. खुणा चार ठेवा.

टिक म्हणजे पूर्ण सोडवला, उत्तर पर्यायात होतं, खात्री आहे. लाट म्हणजे सोडवला पण मधे कुठंतरी गडबड वाटली, नाहीतर दोन पर्यायांत अडकून एक केला. टिंब म्हणजे तुक्का. आणि चौथी खूण गोल: माझं उत्तर पर्यायात नव्हतंच. ही चौथी खूण लेकरं करत नाहीत, कारण उत्तर पर्यायात नसलं की प्रत्येकाला वाटतं आपलंच चुकलं, आणि गुपचूप जवळचा पर्याय टिक करून पुढं जातात. पण २७ एप्रिल २०२५ ची सकाळची शिफ्ट आठवा. गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांमधे चुका निघाल्या होत्या आणि परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलला ५ मे २०२५ ला त्या शिफ्टच्या २७,८३७ विद्यार्थ्यांची परीक्षा परत घ्यावी लागली. अशा पेपरात एकटं बसलेलं लेकरू काय करणार, स्वतःलाच दोष देणार. म्हणून गोल खूण करा, आणि जुळवायला बसाल तेव्हा सगळ्यात आधी गोलच जुळवा. चार जणांचा एकाच प्रश्नावर गोल निघाला तर प्रश्नातच काहीतरी आहे, तो वेगळ्या पानावर लिहून ठेवा, पुढं आक्षेपाला लागेल.

कोणासोबत बसायचं

एकाच दिवसाची, एकाच शिफ्टची तीन ते चार पोरं. बस. दुसऱ्या शिफ्टच्या मित्रासोबत गप्पा मारा, जेवा, पण उत्तरं जुळवू नका, त्याचा पेपरच वेगळा होता. एवढी साधी गोष्ट आहे तरी दरवर्षी कोणीतरी दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टचा सोपा प्रश्न ऐकून रडत बसतं की "हा मला आला कसा नाही".

चारपेक्षा जास्त झाले की आवाज मोठा असणाऱ्याचं उत्तर बरोबर ठरतं. शक्य असेल तर एक जण दुसऱ्या क्लासचा घ्या, याचं कारण आता सांगतो.

बहुमत का चालत नाही

आमच्या वेळी होस्टेलच्या गच्चीवर आम्ही सात जण बसलो होतो. प्रश्न असा होता, निदान याच जातीचा: एक्स स्क्वेअर मायनस ५ एक्स वाय प्लस ६ वाय स्क्वेअर बरोबर शून्य, या दोन रेषांमधला कोन काढा. सहा जणांचं उत्तर टॅन थीटा बरोबर २ रूट १९ बाय ७. एकट्या परभणीच्या पोराचं १ बाय ७. सहा विरुद्ध एक, त्याला आम्ही गप्प बसवलं, बिचाऱ्यानं कागदावर फुली मारून घेतली. आणि बरोबर तोच होता.

बघा कसं. फॉर्म्युल्यात मधली टर्म २ एच एक्स वाय असते, म्हणून एच हा मायनस ५ नाही, मायनस ५ बाय २. एच स्क्वेअर मायनस ए बी म्हणजे २५ बाय ४ वजा ६, म्हणजे १ बाय ४, त्याचं रूट अर्धा, दोननं गुणलं १, खाली ए प्लस बी म्हणजे ७. उत्तर १ बाय ७. आम्ही सहा जणांनी घाईत एच बरोबर मायनस ५ घेतला, मग २५ वजा ६ एकोणीस, आणि २ रूट १९ बाय ७. अन् ते पर्यायात होतंच, म्हणून कोणालाच शंका आली नाही.

पेपर काढणारा चुकीचे तीन पर्याय हवेतून आणत नाही. पोरं कुठं घसरतात ते त्याला माहीत असतं, घसरल्यावर जे उत्तर येतं तेच तो पर्यायात ठेवतो. म्हणून चौघांचं उत्तर सारखं आलं याचा अर्थ चौघं बरोबर असा होत नाही, चौघं एकाच खड्ड्यात पडले असाही होतो. आणि एकाच क्लासची, एकाच सरांच्या शॉर्टकटवर वाढलेली पोरं असली तर हे जास्त होतं. म्हणून दुसऱ्या क्लासचा एक जण हवा.

मग ठरवायचं कसं? दुसऱ्या रस्त्यानं सोडवून. वरचंच गणित फॅक्टर करा: एक्स मायनस २ वाय, एक्स मायनस ३ वाय. स्लोप अर्धा आणि एक तृतीयांश. वजाबाकी १ बाय ६, खाली १ प्लस १ बाय ६ म्हणजे ७ बाय ६. उत्तर १ बाय ७. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकच उत्तर आलं की ते धरा, मग सहा जण काहीही म्हणोत. नियम एवढाच ठेवा की वाद झाला तर मतं मोजायची नाहीत, कोरा कागद घ्यायचा, आणि ज्याचं उत्तर अल्पमतात आहे त्यानं आधी सोडवून दाखवायचं, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही.

उत्तर वेगळं दिसतं पण असतं एकच

सगळ्यात जास्त रडारड यावरच होते, म्हणून इथं थोडा वेळ काढून वाचा.

साइन एक्स कॉस एक्सचं इंटिग्रेशन घ्या. एक म्हणतो साइन स्क्वेअर एक्स बाय २ प्लस सी. दुसरी म्हणते मायनस कॉस २ एक्स बाय ४ प्लस सी. तिसरा म्हणतो मायनस कॉस स्क्वेअर एक्स बाय २ प्लस सी. तिघंही बरोबर आहेत. फरक फक्त कॉन्स्टंटचा आहे आणि तो सी मधे जातो. ओळखायचं कसं? दोन किमती घाला, एक्स बरोबर ०, मग एक्स बरोबर पाय बाय ४, आणि वजाबाकी करा. पहिल्यात १ बाय ४ वजा ०, दुसऱ्यात ० वजा मायनस १ बाय ४, तिसऱ्यात मायनस १ बाय ४ वजा मायनस अर्धा. तिन्हीकडं १ बाय ४. वजाबाकी वेगळी आली तर मात्र कोणाचं तरी नक्की चुकलंय. अन् दोनच किमतींवर पूर्ण भरवसा नको वाटत असेल तर सरळ डेरिव्हेटिव्ह काढून बघा, मूळ प्रश्न परत आला पाहिजे.

तसंच थ्रीडीमधे. तुमचे डायरेक्शन रेशो १, मायनस २, ३ आणि मैत्रिणीचे मायनस २, ४, मायनस ६. रेष एकच, तिनं मायनस दोननं गुणलंय एवढंच. रेषेच्या इक्वेशनमधे तर पॉइंटही वेगळा घेता येतो, म्हणून आख्खं इक्वेशन वेगळं दिसतं. तिचा पॉइंट तुमच्या रेषेत घालून बघा आणि दिशा सारखी आहे का बघा, दोन्ही जमलं तर भांडण संपलं.

लॉजिकमधे पी इम्प्लाइज क्यू, नॉट पी ऑर क्यू, आणि नॉट क्यू इम्प्लाइज नॉट पी, तिन्ही एकच. शंका आली तर चार ओळींचा ट्रुथ टेबल काढा, दोन मिनिटांचं काम आहे. डिफरन्शियल इक्वेशनमधे तर एकानं सी ठेवला, दुसऱ्यानं लॉग सी ठेवला, एवढ्यावरूनही चेहरे पडलेले बघितलेत मी.

पण एक ध्यानात असू द्या, हे सगळं तेव्हाच जेव्हा तुम्ही वहीवर काढलेलं उत्तर आठवून जुळवताय. टिक केलेल्या पर्यायाची आठवण स्पष्ट असेल तर ती आधी, कारण चार पर्यायांत सहसा एकच बरोबर रूप ठेवलेलं असतं आणि दुसरं रूप त्यात नसतंच.

मार्क धरायचे कसे

एक आकडा धरू नका, दोन धरा, कमीत कमी किती आणि साधारण किती. समजा जुळवून झाल्यावर तुमचे २८ टिक, ९ लाटा आणि १३ टिंबं निघाली. टिकचे ५६ मार्क. लाटांचे निम्मे धरा, चार-पाच, म्हणजे ८ ते १० मार्क. टिंबात चारातला एक पर्याय आंधळेपणानं लागायची शक्यता, म्हणून तेरात साधारण तीन, ६ मार्क. तर कमीत कमी ५६, आणि साधारण ७० ते ७२. सगळे तुक्के बरोबर धरून ८५ सांगणारे असतात, त्यांच्याशी स्वतःला ताडू नका.

आणि टिकही सगळे शंभर टक्के नसतात. माझा अनुभव असा की खात्रीच्या तीसमधे दोन-तीन तरी निघतात, साइन चुकलेली, नाहीतर प्रश्नात "नॉट" होतं ते वाचलंच नाही असे. म्हणून कमीत कमी आकड्यातूनही चार-सहा मार्क वजा करून ठेवले तर नंतर धक्का बसत नाही.

जेईई मेन्सचं गणित वेगळं. तिथं २०२५ पासून गणिताचे २५ प्रश्न, २० पर्यायांचे आणि ५ आकडा टाइप करायचे, बरोबरला ४ आणि चुकीला वजा १. तिथं तुक्क्याच्या टिंबाला फार वजन देऊ नका, चारपैकी एक लागला तर ४ मिळतात पण उरलेले तीन वजा ३ नेतात, हातात १ राहतो. आणि तिथं कागदावर पाचवी खूण लागते, सोडलेला प्रश्न, कारण सोडला होता की चुकवला होता यात एका मार्काचा फरक पडतो.

घरी काय सांगायचं

संध्याकाळी फोन सुरू होतात. मामा, आत्या, शेजारचे काका, "किती मारले?" लातूर पॅटर्नचं नाव सगळ्या मराठवाड्यानं ऐकलेलं आहे, त्यामुळं तिथं शिकायला ठेवलेल्या लेकरानं किती मारले हे विचारायचा हक्क सगळ्यांनाच वाटतो. एक वाक्य ठरवून ठेवा: "मामा, पेपर शिफ्टनुसार असतो, पर्सेंटाइल आल्यावर सांगतो." दर वेळी हेच. पण आई-वडिलांना मात्र दोन्ही आकडे खरे सांगा. वावर गहाण ठेवून, नाहीतर सोयाबीनच्या पैशावर फी भरलेल्या बापाला खोटं ९० सांगून महिनाभर तोंड चुकवत फिरण्यापेक्षा पहिल्याच दिवशी "अप्पा, ६० च्या आसपास वाटायलंय" हे सांगणं लेकराला सोपं जातं, मी दोन्ही प्रकारची घरं बघितलीत.

आणि जुळवाजुळव करताना कोणी एकदम गप्प झालं, उठून गेलं, तर चौघातल्या एकानं मागं जायचं. वही तिथंच सोडून. रात्री झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही असं कोणाच्या तोंडून निघालं तर १४४१६ हा सरकारचा टेली मानसचा फोकट नंबर आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. स्वतः फोन लावून त्याच्या हातात द्या आणि होस्टेलच्या काकांना नाहीतर सरांना त्याच वेळी सांगा.

रिस्पॉन्स शीट आली की

सगळ्या शिफ्ट संपल्यावर काही दिवसांनी सीईटी सेल तुमच्या लॉगिनमधे प्रश्नपत्रिका, तुम्ही दिलेलं उत्तर आणि बरोबर उत्तर टाकतं. आता आठवणीचं काम संपलं, खरं जुळवणं इथं सुरू होतं.

मोबाइलवर बघू नका, स्क्रीन छोटी, पर्याय चित्राच्या रूपात असतात, वर-खाली करताना प्रश्न सुटतात. पीडीएफ सेव्ह करा, गणिताची पानं तेवढी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणा. दोघं बसा. एकानं मोठ्यानं वाचायचं, "प्रश्न अमुक, दिलेलं अमुक, बरोबर अमुक", दुसऱ्यानं टिक किंवा फुली मारायची. मग अदलाबदल करून परत एकदा. दोन्ही वेळी एकच आकडा आला तरच तो खरा. एकट्यानं मोजताना आपला हात आपल्याच बाजूनं जातो, हे कोणी मुद्दाम करत नाही.

जेईई मेन्सला आणखी एक अडचण असते. तिथं उत्तरसूचीत पर्याय एक-दोन-तीन असं नसतं, लांबलचक क्वेश्चन आयडी आणि ऑप्शन आयडी असतात. रिस्पॉन्स शीटवर प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला चारही पर्यायांचे आयडी दिलेले असतात आणि खाली "चोजन ऑप्शन" म्हणून १ ते ४ मधला एक आकडा. आधी तो आकडा बघा, मग त्या पर्यायाचा आयडी बघा, मग तो आयडी उत्तरसूचीत शोधा. बरीच लेकरं सरळ "चोजन ऑप्शन २" बघून मित्राच्या शीटवरच्या दोनशी लावतात, ते चुकीचं. आयडीचे शेवटचे तीन-चार आकडे जुळवले तरी भागतं, आख्खा नंबर वाचत बसायची गरज नाही.

लॉगिनचा पासवर्ड कोणालाही देऊ नका, जिवलग मित्रालाही नाही, ग्रुपवरही नाही. पुढं कॉलेजचे ऑप्शन भरताना याच सगळ्या माहितीची गरज लागते. स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर वरचं नाव-नंबर कापून टाका.

आक्षेप घ्यायचा की नाही

आता ते गोलाचं पान काढा. उत्तरसूचीतलं उत्तर चुकीचं आहे, किंवा प्रश्नच चुकलाय, असं वाटत असेल तर लॉगिनमधूनच आक्षेप नोंदवता येतो. सीईटीला एका प्रश्नाच्या आक्षेपाला १००० रुपये लागतात, जेईई मेन्सला २००, आणि पैसे परत मिळत नाहीत. आपल्याकडच्या घरात १००० रुपये ही छोटी रक्कम नाही, म्हणून रागाच्या भरात भरू नका. मी लेकरांना तीन गोष्टी विचारतो. दोन वेगळ्या रस्त्यांनी सोडवून तुमचंच उत्तर आलं का? तुमच्या शिफ्टच्या दुसऱ्या क्लासच्या कोणाचंही तेच आलं का? आणि बालभारतीच्या पुस्तकात त्याचा आधार सापडतो का, कोणतं पान, कोणती व्याख्या? तिन्हीला हो असेल तर भरा, कारण २ मार्कांनीही पर्सेंटाइल हलतो. एकालाही नाही असेल तर ते पैसे कॅपच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या फेऱ्यांच्या, धावपळीच्या भाड्याला ठेवा.

मुदत थोड्या दिवसांची असते, शेवटच्या संध्याकाळी साइट हळू चालते, पेमेंट अडकतं. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच करून टाका आणि पावतीचा फोटो ठेवा. आक्षेपात "उत्तर चुकीचे आहे" एवढंच लिहून भागत नाही, पायऱ्या लिहा, स्वच्छ अक्षरात, पुस्तकाच्या पानाचा फोटो जोडा. भावना लिहू नका.

मार्क कळले, पण पर्सेंटाइल?

शेवटचा गोंधळ इथला. तुमचे मार्क आणि तुमचा पर्सेंटाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा तुमच्या शिफ्टला १०,००० जण बसले आणि त्यातल्या ९,२०० जणांचे मार्क तुमच्याइतके किंवा कमी आहेत, तर तुमचा पर्सेंटाइल ९२. म्हणजे तुलना फक्त तुमच्या शिफ्टमधल्या लोकांशी. म्हणून अवघड शिफ्टमधला ११० मार्कवाला सोप्या शिफ्टमधल्या १२० वाल्याच्या पुढं जाऊ शकतो, आणि यात कोणावर अन्याय झालेला नसतो. गेल्या वर्षीचं "इतक्या मार्कांना इतके पर्सेंटाइल" असं कोष्टक फिरतं ते अंदाजापुरतंच बघा.

एकूण पर्सेंटाइल म्हणजे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी पण नाही, तो एकूण मार्कांवरून वेगळा निघतो. आणि दोघांचा एकूण सारखा आला तर इंजिनिअरिंगच्या मेरिटला आधी गणिताचा पर्सेंटाइल बघतात, नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी किंवा संभाजीनगरच्या गव्हर्नमेंट कॉलेजसारख्या ठिकाणी जिथं पॉइंटच्या मागच्या आकड्यांवर जागा ठरते तिथं हे कामाला येतं.

निकाल लागला की जुळवायचं काही राहत नाही. स्कोअरकार्ड डाउनलोड करा, तीन प्रती काढा, एक कॅपच्या फाइलला, एक घरी, एक आईच्या पाकिटात जिथं तो आठवणीचा कागद ठेवलाय तिथंच, आणि जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाइल यातलं काय काढायचं राहिलंय ते बघायला दुसऱ्या दिवशी सकाळीच तहसीलला जा, कारण जूनमधे तिथं रांग फार मोठी असते.